मेजर काका आणि ओट्यावरची पोर
(महासंघाच्या मासिक बैठकीतील मनोगत)



आज बचतीचं नाही, आपल्या गल्लीतलं बोलते. १९९९ ला कारगिलला लढून आलेले एक काका. गाव त्यांना मेजर म्हणतं. फटाका वाजला की दार लावून बसतात, रात्र रात्र झोप नाही. लोक म्हणायचे, डोकं फिरलंय.

शेजारची आठ वर्षांची पोर. आई वारली, बाप ऊसतोडीला, आजीला दिसत नाही. शाळा बंद, केसांत जटा. ती काकांच्या ओट्यावर गुपचूप येऊन बसायची. काकांनी आधी भाकरी दिली, मग पाटी. आता ते तिला रोज शाळेत सोडतात.

कुजबुज झाली. शंका मलाही आली, म्हणून पोरीशी एकटीशी बोलले. ती म्हणाली, "काका वरडत नाहीत. फटाके वाजले की मीच त्यांच्यापाशी बसते."

पण बायांनो, काकांना सांभाळणं हे पोरीचं काम नाही. त्यांचा तो आजार आहे, त्याला उपचार आहेत. टेलिमानसचा १४४१६ नंबर मोफत आहे. मुलांसाठी १०९८ आहे. पोरीचा बालसंगोपन योजनेचा अर्ज आपला गट भरतोय.

तुमच्या गल्लीत असं कोण आहे? पुढच्या बैठकीत सांगा.