हवामानाचा अंदाज आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला हवामानाचा विषय ऐकून काहीजणींना नवल वाटले असेल. पाककृती, बालसंगोपन, फार तर आरोग्य, हे आपले नेहमीचे विषय. परंतु आपण राहतो तो मुलूख कसा आहे, हे जरा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर. डोंगरावरचे पाणी खाली येणार, समुद्राचे पाणी वर चढणार, आणि मध्ये आपली घरे, बागा, मिठागरे. अशा ठिकाणी संसार करणाऱ्या बाईला आकाशाकडे पाठ फिरवून चालत नाही.

पाठ फिरवली आहे असेही नाही. आपल्या सासवा-आज्यांना रोहिणी, मृग, आर्द्रा ही नक्षत्रे तोंडपाठ होती. अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या कोळीणबाईला खारे वारे कोणते, मतलई वारे कोणते, उधाण कधी आणि भांग कधी, हे शिकविण्यासाठी शाळा लागली नाही. भरतीची वेळ काढण्याची जुनी युक्ती पाहा. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास. थोडा फरक पडतो, पण घरकामाला हा हिशेब पुरतो.

मग सरकारी अंदाजाची गरज काय, असे कोणी विचारील. पंचांग आणि अनुभव आपल्याला वर्षानुवर्षांची सरासरी सांगतात. या वर्षीचा दिवस सांगत नाहीत. सूर्य मृगात शिरतो तो ७-८ जूनला. मुंबईस मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. दोन्हींचा मेळ चांगला बसतो. पण २०२५ साली हाच पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. पापड-कुरडयांची वाळवणे, सुक्या मासळीची बेगमी, मिठागरांतले मीठ, या साऱ्यांचा हिशेब आपण मृगावर बांधलेला असतो. त्या वर्षी ज्या घरात रोजचा अंदाज ऐकला जात होता, त्या घराला आवरासावर करण्यास सवड मिळाली.

आता हा अंदाज येतो कोठून? भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. कुलाब्याची वेधशाळा तर त्याच्याही आधीची, १८२६ सालची. आज उपग्रह आहेत, कुलाब्याला आणि जोगेश्वरीजवळ वेरावलीला रडार आहेत, आणि उत्तरेला डहाणूलाही वेधशाळा आहे.

या खात्याच्या इतिहासात एका बाईंचे नाव आपण लक्षात ठेवावे. अण्णा मणी या १९१८ साली केरळात जन्मल्या, लंडनला जाऊन हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करून आल्या आणि १९४८ साली पुण्याच्या कार्यालयात रुजू झाल्या. त्या वेळी ही उपकरणे बहुतेक परदेशांतून येत. अण्णाबाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करविले आणि ती येथेच बनू लागली. १९७६ साली खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या. तेव्हा हवामानशास्त्र हा पुरुषांचा प्रांत, असे कोणी म्हटले तर त्यांचे नाव सांगावे.

अंदाजातले आकडे आपल्याला परके वाटतात, म्हणून ते घरातल्या मापात आणू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. दहा मीटर लांब-रुंद गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर झाले. उन्हाळ्यात ज्या मोठ्या टँकरची आपण वाट पाहतो, तो अख्खा टँकर आपल्या एका गच्चीवर रिता झाला, असे समजा! चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरांच्या वर गेला की खाते त्याला ‘जोरदार’ म्हणते, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. रंगांचा अर्थही सोपा आहे. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारी करा. लाल म्हणजे आता हालचाल करा.

येथेच माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. खाते सांगते ते जिल्ह्याचे. आपल्या गल्लीचे त्यात आपणच जोडावयाचे असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला पंचाहत्तरही झाला नाही. एका शहराची ही तऱ्हा, तर जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि आपला किनारा एकाच जिल्ह्यात असताना सर्वांना एक आकडा कसा लागू पडेल? शिवाय आपल्याकडे पावसाइतकेच भरतीला महत्त्व. ओहोटीत शंभर मिलिमीटर पडला तर पाणी नाल्यांतून खाडीला निघून जाते. तेवढाच पाऊस उधाणाच्या भरतीत आला की खाडी पाणी घेत नाही आणि ते आपल्या अंगणात थांबते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या आणि मिठागरांच्या वस्तीतली माणसे पाण्यात अडकली, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून अंदाज ऐकला की लगेच तिथी पाहावी. पिवळा इशारा आणि अमावास्या एकत्र आली, तर सखल भागातल्या घराने तो नारिंगीच समजावा.

पावसाखेरीज इतर ऋतूंतही हे लक्ष हवे. हिवाळ्यात बोंबील वलांडीवर असतात, आणि डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांतच अवकाळी पाऊस कोसळला. मार्चमध्ये खारे वारे उशिरा सुटले की दुपार एकदम तापते. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना आणि भाजी-फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जाणाऱ्या बायकांना जपावे लागते.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र वादळाची. आपल्या समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे निरनिराळ्या दिशांनी जोरात वाहतात, त्यामुळे वादळाचा चक्राकार बांधा उभा राहत नाही. १६१८ च्या मे महिन्यात वसईवर आलेल्या वादळाने चर्चची छपरे उडविली, असे पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवले आहे. त्या लोकांना सूचना देणारे कोणी नव्हते. आता सूचना चार टप्प्यांनी येते: सुमारे ७२ तास आधी पहिली जाग, ४८ तास आधी सावधगिरी, २४ तास आधी इशारा, आणि वादळ किनाऱ्याला लागण्याच्या १२ तास आधी पुढच्या वाटचालीचा अंदाज. बंदरावर बावटा चढतो तो वेगळाच.

२०२० सालचे ‘निसर्ग’ वादळ आठवा. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ ते किनारा ओलांडील, असा अंदाज होता. त्या पट्ट्यात आपण होतो. पालघर जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरची हजारो माणसे हलविण्यात आली. ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेस लागले. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या वाड्या उद्ध्वस्त झाल्या, आणि आपण बचावलो. मग आपल्याकडे बोलणे सुरू झाले: “उगाच घाबरविले. घर सोडायला लावले आणि झाले काय?”

भगिनींनो, या बोलण्याची मला वादळापेक्षा अधिक भीती वाटते. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ आले. म्यानमारने त्याला एका आवाज करणाऱ्या पालीचे नाव दिले होते. ते तर आपल्या किनाऱ्याला लागलेही नाही. दूरच्या समुद्रातून उत्तरेला गेले आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. तरीही कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांवर गेला. आपल्याकडे झाडे पडली, तारा तुटल्या, वस्त्या अंधारात राहिल्या. मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून अनेक कामगार प्राणास मुकले. इशारा काही दिवस आधीच निघालेला होता. तो ऐकणे एक आणि त्याप्रमाणे उठून निघणे दुसरे, एवढेच त्यातून घ्यावयाचे. टाक्यात पाणी भरून ठेवले आणि नळ गेला नाही, तर आपण पाण्याला दोष देत नाही. लस टोचली आणि साथ आली नाही, तर लस वाया गेली म्हणत नाही. वादळाच्या इशाऱ्याला मात्र आपण वेगळा न्याय का लावावा?

आपल्या मंडळाने काय करावे, याबद्दल तीन सूचना मांडते.

पहिली, मंडळाच्या खोलीबाहेर एक फळा लावावा. त्यावर रोज सकाळी तीनच गोष्टी लिहाव्यात: इशाऱ्याचा रंग, तिथी आणि भरतीची वेळ. अंदाज खात्याचाच घ्यावा. फोनवर फिरत येणारा, खाली नाव-तारीख नसलेला निरोप फळ्यावर चढवू नये आणि पुढेही पाठवू नये.

दुसरी, प्रत्येक आळीत एका घरी पावसाची वही असावी. उभ्या सरळ भिंतींचा एक डबा उघड्या जागी ठेवावा, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे आणि लिहावे. खातेही दिवसाचा पाऊस साडेआठलाच मोजते. शेजारी ‘पाणी कोठवर आले’ हेही टिपावे. दोन पावसाळ्यांत आपल्या आळीला किती पावसाने आणि कोणत्या भरतीला धोका आहे, हे आपल्याला स्वतःच्या अक्षरात वाचता येईल. नालेसफाईचा अर्ज घेऊन महानगरपालिकेत जाताना ती वही हाती असली, तर आपले म्हणणे निव्वळ तक्रार राहणार नाही.

तिसरी आणि सर्वांत निकडीची. नारिंगी रंग लागला की कोणी कोणाचे दार ठोठवावयाचे, हे आजच ठरवावे. एकटी राहणारी म्हातारी, बाळंतीण, तळमजल्यावरचे भाडेकरी, मिठागरावरची वस्ती, ज्यांना मराठी वाचता येत नाही असे शेजारी, यांच्यापर्यंत फळा चालत जाणार नाही. आपल्यालाच जावे लागेल.

वादळ कोठे आहे हे सांगणे वेधशाळेचे काम. त्या वेळी आपल्या गल्लीत कोण एकटे आहे, हे वेधशाळेला कधीही कळणार नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. त्या ठाऊक असण्याचा उपयोग व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.