हुकुमाचा अर्धा कागद
(इच्छापोर येथील मराठी बांधवांपुढे केलेले भाषण)



बेळगाव-निपाणीकडच्या माणसांचे सुरतेजवळच्या इच्छापोरात काय काम, असे येथे आपणांस वाटेल आणि तिकडे सीमाभागातही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपण आणि आम्ही भाषेने एक असलो तरी आपली स्थिती एक नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. आपण खानदेशातून, कोकणातून, देशावरून पोटासाठी येथे आलात. आम्ही कोठूनच आलो नाही. आमची घरे जागच्या जागी राहिली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची रेघ त्यांच्यावरून ओढली गेली. म्हणून बेळगावात आम्ही सरकारी कागद मराठीत मागतो तो भूमिपुत्राच्या हक्काने. आणि येथे आपण गुजराती शिकता ते योग्यच करता. या दोन प्रश्नांची खिचडी करणारे पुढारी पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

परंतु नाक्यावर काठी आडवी धरून उभ्या असलेल्या शिपायाला हा भेद ठाऊक नसतो. येथूनच आपला आणि आमचा प्रश्न एक होतो.

२९ मार्च २०२० चा केंद्रीय गृहमंत्रालयाचा हुकूम आपण आठवावा. टाळेबंदी होऊन पाच दिवस झाले होते, कारखाने बंद होते, मजूर पायी गावाकडे निघाले होते. त्या हुकुमाने राज्यांच्या व जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यास सांगितले. जो निघाला असेल त्याला अडवून चौदा दिवस वेगळे ठेवण्यास सांगितले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, कारण तो कित्येकांच्या पाठीवर उमटला. पण त्याच हुकुमात आणखीही कलमे होती. मालकाने ठरल्या दिवशी, कसलीही कपात न करता मजुरी द्यावी. घरमालकाने मजुराकडे एक महिन्याचे भाडे मागू नये. खोली सोडण्यास भाग पाडणाऱ्यावर कारवाई व्हावी. कागद एक, सही एक, कायदा एक! त्यातला अर्धा भाग पोलिसांनी तासाभरात अमलात आणला. उरलेला अर्धा अमलात आणावयास कोणता शिपाई कोणत्या मालकाच्या दारी गेला? अडकलेल्या मजुरांचे दूरध्वनी घेणाऱ्या 'स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क' या स्वयंसेवकांच्या गटाने एप्रिल २०२० मध्ये अकरा हजारांवर मजुरांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील ८९ टक्क्यांना मालकाकडून टाळेबंदीतली मजुरी मुळीच मिळालेली नव्हती. हे मदतीसाठी हाक मारणारे लोक होते, सर्व देशाची मोजणी नव्हे, हे खरे. तरीही हुकुमाचा कोणता अर्धा भाग फाडून टाकला गेला, ते त्यावरून कळते.

आणि मग जे व्हावयाचे तेच झाले. १० एप्रिलला लसकाणा येथे ओडिया यंत्रमाग कामगार रस्त्यावर आले. ४ मे रोजी वरेली येथे अश्रुधूर सोडण्यात आला. ९ मे रोजी येथून जवळच, हजिरा भागातील मोरा गावी, शेकडो मजूर जमले व त्यांतील कित्येकांना पोलिसांनी धरून नेले. त्यांची मागणी काय होती? घरी जाऊ द्या, एवढीच. भारताच्या नागरिकाला भारतात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क संविधानाच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. साथीच्या काळी त्यावर वाजवी बंधन घालता येते, हेही आम्ही जाणतो. पण ज्याला पगारही नाही आणि वाटही नाही, त्याच्यावरील बंधनाला वाजवी कोण म्हणेल?

हे केवळ गुजरातेत झाले असे समजू नये. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर जमलेल्या मजुरांवर महाराष्ट्राच्या पोलिसांनीही लाठी चालविली. कर्नाटक सरकारने तर ५ मे रोजी, बांधकाम व्यावसायिकांच्या भेटीनंतर, मजुरांच्या गाड्याच रद्द केल्या. चोहोकडून निषेध झाला तेव्हा दोन-तीन दिवसांत माघार घेतली. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ जालन्याहून निघालेले १६ मजूर रुळांवर मालगाडीखाली सापडले. आणि सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सरकारने उत्तर दिले की, मृत स्थलांतरित मजुरांची माहितीच ठेवलेली नाही. ज्यांची मोजणी नाही, त्यांच्या वारसांनी भरपाई कोणत्या खिडकीवर मागावी?

आम्हांला हे सारे ओळखीचे वाटते. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या फलकाच्या प्रकरणी पोलीस घरांत शिरून माणसांना झोडपून गेले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांना बेळगाव जिल्ह्यात येण्यास मनाई करणारा हुकूम निघाला. त्याच दिवसांत हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले. मंत्र्यांना निदान लेखी हुकूम मिळाला. मजुराला तोही मिळत नाही, त्याला फक्त 'मागे फीर' मिळते. आणि एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे: २००८ साली मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडील मुलांना मराठीच्या नावाने मारण्यात आले. तसे करणाऱ्यांना हिरेबागेवाडीच्या दगडांविषयी तक्रार करण्याचे तोंड उरत नाही.

कायद्याचेही पाहा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुराला त्याच्या स्वतःच्या भाषेत पासबुक द्यावे, अशी तरतूद होती. किती जणांनी ते पासबुक पाहिले? आता त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. ठेकेदाराविना स्वतःहून आलेला मजूरही तिच्यात मोजला जातो, हे चांगले झाले. पण पूर्वी पाच स्थलांतरित मजूर असले की कायदा लागू होई, आता दहा लागतात. आणि गाव सोडताना मिळावयाचा विस्थापन भत्ता गेला.

म्हणून आम्ही आपणांस मोर्चा काढावयास सांगत नाही. तो केव्हाही काढता येईल. प्रथम एक वही घाला. कोणाला कोठे अडविले, तारीख-वेळ काय, हुकूम लेखी दाखविला का, त्यावर सही कोणाची, शिपायाच्या छातीवरचे नाव काय, मालकाने किती दिवसांची मजुरी बुडविली, हे तिच्यात लिहा. आपल्याच माणसांचे लिहू नका. शेजारच्या खोलीतल्या ओडिया आणि बिहारी भावाचेही लिहा. तो मोऱ्याला आपल्याआधी मार खाऊन आला आहे.

पहिले काम तयारच आहे. ९ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की, टाळेबंदी मोडल्याबद्दल मजुरांवर भरलेले खटले मागे घेण्याचा विचार करावा. मोऱ्यात धरलेल्या मजुरांवर किती गुन्हे नोंदले, किती मागे घेतले, किती अजून चालू आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज गुजरातीत लिहा, म्हणजे भाषेचे निमित्त करून तो परत करता येणार नाही. आलेल्या उत्तराची एक प्रत बेळगावला पाठवा. ती आम्ही याच पानावर जशीच्या तशी छापू.