अकरा तालुके, 2048 प्रदेश

बीड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार असे 11 तालुके. एकही गाव दोन तालुक्यांत नाही आणि कुठलंच तालुक्याविना नाही. गणितात याला संचाचं विभाजन म्हणतात.

आता प्रत्येक तालुका अख्खा घ्यायचा, नाहीतर अख्खा सोडायचा. प्रत्येकाला दोनच पर्याय, म्हणून 2 चा 11 वा घात, म्हणजे 2048 प्रदेश होतात. त्यांत सबंध जिल्हा आहे आणि एकही तालुका न घेतलेला रिक्त संचही. यांतले कोणतेही दोन प्रदेश जोडा, त्यांचा सामाईक भाग काढा किंवा एखादा जिल्ह्यातून वजा करा. उत्तर पुन्हा त्या 2048 मध्येच सापडतं. हेच विभाजनातून तयार झालेलं संचांचं बीजगणित. तालुके त्याचे अणू.

गंमत पुढेच आहे. योगेश्वरीचं देऊळ असलेलं अंबाजोगाई शहर या यादीत नाही! तालुका आहे, त्याचा तुकडा नाही. शहर हवं तर तालुक्यात शहर आणि उरलेली गावं अशी रेघ ओढावी लागते. अणू 12 होतात, प्रदेश थेट 4096.

संचांची मापं मोजणाऱ्या माप सिद्धांताला हे सोयीचं पडतं. 11 तालुक्यांची लोकसंख्या कळली, की सगळ्या 2048 प्रदेशांची नुसत्या बेरजेनं निघते. आंद्रेई कोल्मोगोरोव या रशियन गणितज्ञाने 1933 साली संभाव्यतेची मांडणी अशाच, घटनांच्या बीजगणितापासून सुरू केली.

तालुक्याच्या सरासरी पावसाचा आकडाही याच बीजगणितात बसतो. तो शहराला आणि शिवाराला एकच असतो, मग सर कुठेही कोसळो.