एका रुग्णाचे दोन विमे

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहिलेला मुलगा किंवा जावई सुट्टीत घरी आला म्हणजे पगार, घर आणि थंडी यांच्या खालोखाल जो विषय हटकून निघतो, तो औषधपाण्याच्या खर्चाचा. इकडील वडीलधाऱ्यांची समजूत अशी असते की, नोकरदारास कंपनीचा विमा आणि कंगालास सरकारचे मेडिकेड अशी तेथे सरळ वाटणी आहे. ज्याच्यापाशी एक आहे त्याने दुसऱ्याकडे पाहावयाचे कारण नाही. खुद्द अमेरिकेत जन्मलेल्या पुष्कळ लोकांचीही समजूत हीच असते. ती चुकीची आहे, आणि या चुकीची किंमत कित्येक कुटुंबांस रोख डॉलरांत मोजावी लागते.

या दोन व्यवस्था एका आईच्या लेकी नव्हेत. कंपनीच्या विम्याचा मोठा विस्तार झाला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ साली अमेरिकन सरकारने पगारवाढीस कायद्याने आळा घातला. कारखान्यांस तर माणसांची निकड होती. विम्यासारख्या सवलतींस त्या बंधनातून वाव असल्यामुळे मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ करून माणसे आपल्याकडे ओढली. १९५४ च्या प्राप्तिकराच्या कायद्याने मालकाने भरलेला हप्ता करमुक्त असल्याचे स्पष्ट केले, आणि युद्धकाळातील ही तोड कायमची होऊन बसली. नोकरी गेली की विमाही जावयाचा, हा तेथील संसारी माणसाचा घोर त्या काळापासूनचा आहे.

मेडिकेडचा जन्म ३० जुलै १९६५ चा. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी अध्यक्ष ट्रूमन यांच्या समक्ष ज्या कायद्यावर सही केली, त्यातून दोन योजना निघाल्या: वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड. नावे जुळ्या भावंडांसारखी असल्याने आजही घोटाळा होतो. मेडिकेअर ही मध्यवर्ती सरकारची योजना. मेडिकेडचा खर्च मात्र मध्यवर्ती सरकार आणि राज्ये मिळून सोसतात व कारभार राज्यांच्या हाती असतो. सामील व्हावे की न व्हावे हेही राज्यांच्या मर्जीवर सोडले होते. ॲरिझोना राज्य १९८२ पर्यंत बाहेरच राहिले. शिवाय प्रत्येक राज्याने बारसे निराळे केलेले. कॅलिफोर्नियात ही योजना मेडि-कॅल, टेनेसीत टेनकेअर, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, तर ओक्लाहोमात सूनरकेअर. खिशात मेडिकेडचेच कार्ड बाळगणाऱ्या माणसास आपण मेडिकेडवर आहो हे ठाऊक नसावे, असा चमत्कारिक प्रकार त्यामुळे घडतो.

पात्रतेचे माप बव्हंशी दारिद्र्यरेषेवरून काढतात. अलास्का व हवाई वगळता २०२५ साली ही रेषा एकट्या माणसास वर्षाला १५,६५० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबास ३२,१५० डॉलर होती. या रेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांस मेडिकेड मिळावे अशी तजवीज २०१० च्या कायद्याने केली; परंतु ती राज्यांवर लादता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. २०२५ अखेर ४० राज्यांनी व राजधानी वॉशिंग्टनने हा विस्तार पत्करला होता. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया इत्यादी १० राज्ये बाहेर होती. तिशीतला धडधाकट, मूलबाळ नसलेला पुरुष टेक्सासमध्ये कितीही दरिद्री असला तरी त्यास सर्वसाधारणपणे मेडिकेड नाही. तोच शेजारच्या न्यू मेक्सिकोत बिऱ्हाड हलवील तर पात्र ठरेल. राज्याची सीमा ओलांडताच न्याय पालटावा हे कोणास विचित्र वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही.

आता मूळ मुद्दा. अर्जदारास दुसरा विमा आहे काय, हा प्रश्न मेडिकेडच्या अर्जात असतो खरा. पण होय असे उत्तर दिल्याने अर्ज फेटाळला जात नाही. उत्पन्न, कुटुंबातील माणसे, वय, अपंगत्व, नागरिकत्व आणि राज्यातील वास्तव्य यांवर पात्रता ठरते. ओहायो राज्यात गोदामात काम करणारा, बायको व दोन मुले असलेला एक मनुष्य कल्पावा. ओहायोने विस्तार पत्करलेला आहे. पगार वर्षाला ४०,००० डॉलर, घरात दुसरी मिळकत नाही. चौघांसाठी १३८ टक्क्यांची मर्यादा २०२५ च्या मापाने ४४,३६७ डॉलर येते. म्हणजे मालकाचा विमा घेतलेला असूनही उत्पन्नाच्या कसोटीस हे सारे घर उतरते. पगार ४६,००० असता तरी लगेच निराश होण्याचे कारण नव्हते. विम्याचा हप्ता कर आकारण्यापूर्वीच पगारातून कापला जात असेल, तर ती रक्कम उत्पन्नात धरीत नाहीत. वर्षाला असे २,००० डॉलर कापले गेले की मनुष्य पुन्हा मर्यादेच्या आत आला. मुलांसाठी तर मर्यादा बहुतेक ठिकाणी आईबापांहून वरची असते. तेव्हा आईबापांस नकार आला म्हणून मुलांचा अर्जच न करणे हा निव्वळ उतावळेपणा होय.

येथे एका खाचखळग्याची सूचना देणे अवश्य आहे. मेडिकेडच्या मर्यादेहून थोडी अधिक मिळकत असलेल्यांच्या मुलांसाठी १९९७ साली 'चिप' नावाची योजना निघाली. जेथे ती मेडिकेडहून निराळी चालविली जाते, तेथे दुसरा विमा असलेल्या मुलास ती मिळत नाही. शेजारणीच्या मुलास कंपनीच्या विम्यामुळे नकार मिळाला, ही ऐकीव गोष्ट बहुधा चिपची असते आणि ऐकणारी ती मेडिकेडची समजून स्वस्थ बसते.

दोन्ही विमे असले म्हणजे पैसे कोणी कोणत्या क्रमाने द्यावयाचे, हे कायद्याने ठरलेले आहे. कंपनीचा विमा पहिला. मेडिकेड अगदी शेवटचे. डॉक्टरचे बिल आधी कंपनीच्या विम्याकडे जाते. त्याने आपल्या नियमांप्रमाणे भाग उचलला की जी रक्कम एरवी रुग्णाच्या माथी बसली असती, ती मेडिकेडपुढे येते, आणि मेडिकेड आपल्या ठरीव दराच्या मर्यादेत ती भागविते. अमेरिकन विम्यात वर्षाच्या आरंभी पहिले शेकडो, कधी हजारो डॉलर रुग्णाने स्वतः भरावे लागतात. त्यानंतर विमा हात सैल करतो. अल्प पगाराच्या माणसाचा विमा याच उंबरठ्यावर अडखळतो. कार्ड खिशात असून तो डॉक्टरकडे जात नाही. दुसऱ्या विम्याचे मोल येथे कळते.

मात्र याला दोन अटी आहेत. डॉक्टर कंपनीच्या विम्याचा असून मेडिकेडचाही असला पाहिजे. मेडिकेडचे दर कमी असल्यामुळे कित्येक डॉक्टर ते घेत नाहीत, आणि तसे झाल्यास उरलेला भाग रुग्णाच्याच अंगावर येतो. उलटपक्षी, कंपनीच्या विम्याचे नियम मोडून भलत्याच डॉक्टरकडे गेल्यास पहिला विमा नाकारतो आणि मग शेवटचाही कानांवर हात ठेवण्याचा संभव असतो. म्हणून दवाखान्याच्या खिडकीशी दोन्ही कार्डे दाखवावयाची असतात. एक लपविणे हा शहाणपणा नव्हे. दुसरा विमा राज्यास कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे, आणि राज्य तो केव्हा ना केव्हा शोधून काढतेच.

याहून कमी लोकांस ठाऊक असलेली गोष्ट अशी की, काही राज्ये कंपनीच्या विम्याचा नोकराच्या वाट्याचा हप्ताही भरतात. १९९० च्या कायद्याने ही सोय झाली. हिशेब साधा आहे: सारा औषधोपचार स्वतः करण्यापेक्षा हप्ता भरणे राज्यास स्वस्त पडत असेल, तर राज्य तो भरते. टेक्सास व पेनसिल्व्हेनिया येथे असे कार्यक्रम चालतात. घरातील एकच मूल मेडिकेडवर असले आणि त्यास विम्यात घेण्यासाठी सबंध कुटुंबाचा हप्ता भरणे भाग असले, तर तोही मिळू शकतो. यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. मेडिकेड मिळाले म्हणून हे आपोआप मिळत नाही.

दोन विम्यांच्या सांध्यात माणूस कसा अडकतो, हे आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स गावच्या केटी बेकेट या मुलीच्या कथेवरून जगास दिसले. केटीचा जन्म १९७८ चा. पाच महिन्यांची असताना तिला मेंदूचा दाह झाला आणि श्वासोच्छ्वास यंत्राच्या आधाराने चालू लागला. कुटुंबाचा खाजगी विमा होता. पण त्या विम्यास दहा लाख डॉलरांची आजन्म मर्यादा होती आणि ती संपली. मग मेडिकेड पुढे आले. परंतु तेव्हाचा नियम असा की, मूल दीर्घकाळ रुग्णालयात असेल तर आईबापांची मिळकत मोजावयाची नाही. घरी आणले की मोजावयाची. बेकेट कुटुंब दरिद्री नव्हते. म्हणजे केटी रुग्णालयात राहील तोवर सरकार खर्च देणार, आणि घरी गेली की दाराशी मदत बंद. वस्तुतः घरचा खर्च रुग्णालयाच्या खर्चाच्या एका लहानशा अंशाइतका होता, आणि डॉक्टरही तिला घरी नेण्यास अनुकूल होते. तीन वर्षांची ती पोर केवळ नियमासाठी रुग्णालयात वाढत होती.

तिची आई ज्युली बेकेट यांनी हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधीकडे नेला. तेथून तो वॉशिंग्टनला पोचला आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांपुढे त्याचा उल्लेख केला. सरकारी खर्चास कात्री लावण्यासाठी निवडून आलेल्या अध्यक्षांसही हा नियम असमंजस वाटला, हे विशेष. त्या वर्षीच्या नाताळापूर्वी केटी घरी आली. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, काँग्रेसने राज्यांस मुभा दिली की, ज्याची प्रकृती रुग्णालयात वा शुश्रूषागृहात ठेवण्याइतकी बिकट आहे अशा मुलाची घरी देखभाल होत असता आईबापांची मिळकत दुर्लक्षावी. केटी शिकली, मोठी झाली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलू लागली आणि २०१२ मध्ये ३४ व्या वर्षी निवर्तली. विम्यावरील आजन्म मर्यादा २०१० च्या कायद्याने बंद झाली. तिच्या नावाने ओळखला जाणारा मार्ग निरनिराळ्या रूपांनी अनेक राज्यांत आहे. काही ठिकाणी प्रतीक्षायादी मात्र लांब असते.

मराठी कुटुंबांशी या मार्गाचा संबंध दूरचा नाही. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात व्हिसावर नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसास सर्वसाधारणपणे पूर्ण मेडिकेड नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही १९९६ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक प्रौढांस पाच वर्षे थांबावे लागते. परंतु ज्या मुलास अमेरिकेचे नागरिकत्व आहे, त्याची पात्रता त्याची स्वतःची असते. आईबापांचा व्हिसा तिच्या आड येत नाही. उत्तम पगार व उत्तम विमा असलेल्या घरी व्यंग असलेले मूल जन्मले, आणि दिवसाचे अनेक तास परिचारिका ठेवण्याची वेळ आली, तर कंपनीचा विमा तेथे बहुधा थिटा पडतो. अशा घरांस मेडिकेड हा शब्द उच्चारण्याचा संकोच वाटतो. गरिबांचे ते आपण कसे घ्यावे, असे पांढरपेशा मनास वाटते. पण या विशिष्ट मार्गात आईबापांच्या पगाराची गणनाच नाही.

मिळविण्याइतकेच राखणेही जिकिरीचे आहे. पगार वाढला, अधिक तासांचे काम मिळाले, की मेडिकेड जाऊ शकते. ते गेल्यापासून ६० दिवसांच्या आत मालकाच्या विम्यात नाव घालण्याची मागणी करता येते. ती मुदत टळली तर विम्याच्या वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते. करोनाच्या साथीत, मार्च २०२० पासून, कोणासही मेडिकेडवरून काढू नये असे बंधन होते. ते ३१ मार्च २०२३ रोजी संपले, आणि त्यानंतरच्या फेरतपासणीत अडीच कोटींहून अधिक माणसांची नावे कमी झाली. त्यांतील बहुसंख्य नावे कागदपत्रे वेळेवर न पोचल्यामुळे कमी झाली. ती माणसे खरोखर अपात्र होती की नव्हती, याची चौकशी तेथवर गेलीच नाही. पत्र जुन्या पत्त्यावर गेले, एवढ्यावर कित्येकांचा विमा संपला.

४ जुलै २०२५ च्या कायद्याने हा कागदांचा भार वाढविला आहे. विस्तारामुळे पात्र झालेल्या प्रौढांनी महिन्यास ८० तास काम, शिक्षण वा समाजसेवा केल्याचे दाखवावे, ही अट १ जानेवारी २०२७ पर्यंत सर्वत्र लागू व्हावयाची असे त्यात ठरले. लहान मुलांचे आईबाप, आजारी व इतर काही जण तीतून वगळले आहेत. याच प्रौढांची फेरतपासणीही वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी व्हावयाची आहे. गोदामात आठवड्यास चाळीस तास राबणारा मनुष्य ही अट न सांगता पुरी करतो. राज्याचे कार्यालय पगाराच्या नोंदींवरून ते आपणहून ताडून पाहील, तेथे त्यास तोशीस पडणार नाही. जेथे पाहणार नाही तेथे त्यास पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवून मुदतीत पाठवाव्या लागतील, आणि घर बदलले असल्यास नवा पत्ता त्याआधी कळवावा लागेल.