बोलू त्याहून थोडे अधिक : स्टूडबेकर गाडीची कथा

मी लहान असताना आमच्या गावच्या सुतारआळीत चाकाला धाव बसवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांचा सणच असे. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल होई. तीन-चार गडी मोठाल्या चिमट्यांनी ती उचलून लाकडी चाकावर घालीत आणि लगेच वर पाण्याच्या घागरी रिकाम्या करीत. वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे आणि तुंबा, आरे, पाटे सारे एकजीव होऊन बसत. आमचे म्हातारे सुतार म्हणत, "चाकाचं खरंखोटं आळीत कळत नाही बाबा, उसाची मोळी भरून चढाला लागलं की कळतं." पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि त्यांचे दुकान मिटले.

आज एका अमेरिकन मोटारीविषयी बोलायचे असताना ही सुतारआळी मला का आठवावी? कारण त्या मोटारीचा जन्म अशाच एका भात्याशेजारी झाला. तिचे नाव स्टूडबेकर. जुने इंग्रजी चित्रपट पाहिलेल्यांना ती आठवत असेल. ही मोटार बांधणारा कारखाना एके काळी माल वाहायच्या लाकडी गाड्या करीत असे. घोड्याच्या गाडीपासून मोटारीपर्यंत एकाच नावाने चालत आलेले मोठे कारखाने अमेरिकेत जवळजवळ नाहीतच. स्टूडबेकर हा त्यांतला ठळक अपवाद.

गोष्ट सुरू होते १८५२ साली, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या गावी. हेन्री आणि क्लेमेंट स्टूडबेकर या दोन भावांनी तेथे लोहारकामाचे दुकान मांडले. वडीलही लोहार आणि गाड्या बांधणारे. जवळ भांडवल होते ६८ डॉलरचे. घोड्यांना नाल ठोकायचे, मोडक्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि जमेल तेव्हा एखादी नवी गाडी बांधायची, असा त्यांचा उद्योग.

तिसरा भाऊ जॉन मोहलर. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची हूल तेव्हा देशभर होती. हा एकोणीस वर्षांचा पोरगा १८५३ साली पश्चिमेकडे निघाला. भावांनी बांधलेली एक गाडी त्याने तांड्याला देऊन टाकली आणि त्या मोबदल्यात प्रवास केला. प्लेसरव्हिल या गावी पोचल्यावर मात्र त्याने सोने खणण्याचा नाद सोडला आणि खाणकामगारांना लागणाऱ्या एकचाकी हातगाड्या करायला घेतल्या. सोने सापडो न सापडो, माती वाहायला गाडी तर प्रत्येकाला हवीच! लोक त्याला 'हातगाडीवाला जॉनी' म्हणू लागले. पाच वर्षांनी, १८५८ साली, तो ८,००० डॉलर गाठीला बांधून घरी परतला आणि त्याने हेन्रीचा हिस्सा विकत घेतला. हे कुटुंब युद्ध निषिद्ध मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे होते. सैन्यासाठी गाड्या बांधणे हेन्रीच्या मनाला पटत नव्हते, म्हणून तो बाजूला झाला असे सांगतात. पुढे १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला या कारखान्याने पुष्कळ गाड्या पुरवल्या आणि त्यांचे नाव सर्वत्र गेले.

१८७२ आणि १८७४ अशा दोन वेळा कारखान्याला आग लागली. दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला. उभा राहिला तो गिऱ्हाइकाच्या विश्वासावर. लाकूड वर्षानुवर्षे वाळवून मगच वापरायचे, हा त्यांचा रिवाज. ओल्या लाकडाची गाडी पहिल्या उन्हाळ्यात कशी खिळखिळी होते, हे आपल्या शेतकरी बांधवांना मी सांगायला नको. या भावांचा धंद्याचा नियम म्हणून एक गोष्ट सांगतात : गिऱ्हाइकाला जेवढे बोलू त्याहून थोडे अधिक द्यावे, मात्र इतकेही अधिक नको की आपलेच दिवाळे वाजेल. श्रोतेहो, हा नियम लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला पुन्हा तिथेच यायचे आहे.

१९०२ साली स्टूडबेकरने विजेवर चालणारी मोटार काढली. आज विजेच्या मोटारीला आपण नवलाई म्हणतो, पण ती इतकी जुनी आहे. १९०४ साली पेट्रोलची गाडी आली आणि १९२० साली घोड्याच्या गाड्यांचे काम बंद झाले. गिऱ्हाईक बदलते आहे हे ओळखून वेळीच हत्यारे बदलण्याचे शहाणपण या घराण्यापाशी होते.

पण शहाणपण वारशाने मिळतेच असे नाही. मंदीच्या वर्षांत कारखान्याचे अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन यांनी मिळकतीपेक्षा जास्त लाभांश भागधारकांना वाटला. बियाण्याची कणगी फोडून जेवणावळ घालावी, तसा हा प्रकार. १९३३ साली कारखाना दिवाळ्यात गेला आणि त्याच वर्षी अर्स्किन यांनी आत्महत्या केली. पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स या दोघांनी मग कारखाना सावरला. हेच हॉफमन पुढे फोर्ड फाउंडेशनचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच काळात, १९५२ साली, आपल्या देशातल्या सामूहिक विकास योजनांना त्या संस्थेची मदत मिळाली.

आता गाडीच्या मालकांचे म्हणणे ऐकू या. मोटारीचा खरा इतिहास जाहिरातीत नसतो, तो मालकाच्या तोंडी असतो.

१९३९ साली 'चॅम्पियन' ही गाडी आली. वजनाने हलकी आणि पेट्रोल कमी पिणारी. काटकसरी माणसाची गाडी, असा तिचा लौकिक झाला. मालक आणखी एका सोयीची आठवण काढीत, ती म्हणजे 'हिल होल्डर'. चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघताना मागे घसरू नये म्हणून क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेक धरून ठेवणारी ही युक्ती. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला तिचे मोल कळेल. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्याने सुमारे दोन लाख लष्करी ट्रक बांधले आणि त्यांतले बहुतेक सोव्हिएत रशियाला गेले. बर्फाच्या चिखलातून तोफगोळे आणि माणसे ओढणाऱ्या त्या ट्रकवर रशियन सैनिकांचा मोठा जीव. 'कात्युशा' अग्निबाण डागण्याची चौकटही पुष्कळदा याच ट्रकवर बसवलेली असे.

युद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या जुन्या कारखान्यांत अगदी नव्या घडणीची मोटार सर्वांआधी आणली ती स्टूडबेकरने, १९४७ च्या मॉडेलात. तिच्या एका नमुन्याची मागची काच इतकी मोठी आणि वळवलेली होती की गाडी येते आहे की जाते आहे हे कळत नाही, अशी थट्टा लोक करीत. थट्टा करीत आणि विकतही घेत! १९५० च्या मॉडेलच्या तीन लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या.

मग बिनसले कोठे? हेही मालकांनाच विचारावे. १९५३ ची मोटार रूपाने फार देखणी. आजही जाणकार तिला अमेरिकेतल्या सुंदर मोटारींत गणतात. पण पुढच्या भागाचे पत्रे सांगाड्याशी नीट जुळेनात, त्यामुळे गाड्या बाहेर पडायला उशीर झाला. लोकांना हवी होती दोन दारांची ठेंगणी गाडी आणि कारखान्याने तयारी केली होती चार दारांच्या गाड्यांची. मालकांची दुसरी तक्रार गंजाची. पुढच्या चाकांवरच्या पत्र्यात चिखल साठे आणि पत्रा आतून कुरतडला जाई. त्यातच फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन थोरल्यांची किमतीची चढाओढ लागली. त्यांच्या पायांखाली धाकट्यांचा चुरा झाला. १९५४ साली पॅकार्ड कंपनीशी संसार मांडून पाहिला. १९५९ च्या 'लार्क' या आटोपशीर गाडीने थोडा दम दिला. पण कारखाना बुडणार अशी कुजबुज एकदा सुरू झाली की गिऱ्हाईक बिचकते. उद्या सुटे भाग कोण देणार? गाडी विकायला काढली तर कोण घेणार? हे प्रश्न काही खोटे नव्हते.

डिसेंबर १९६३ मध्ये, नाताळच्या तोंडावर, साउथ बेंडचा मोटार-कारखाना बंद झाला. कॅनडातल्या हॅमिल्टन येथील शाखा मार्च १९६६ पर्यंत चालली आणि तेथे ११४ वर्षांची ही वाट संपली.

श्रोतेहो, मोटारीची गोष्ट येथे संपते, पण माणसांची संपत नाही. बापाच्या शेजारी मुलगा काम करतो अशी जोडपी या कारखान्यात पुष्कळ होती आणि कारखाना जाहिरातींत त्यांची छायाचित्रे अभिमानाने छापी. या कामगारांना १९५० सालच्या करारापासून पेन्शनचा शब्द दिलेला होता. पण शब्द आज दिला आणि त्यासाठीचा पैसा मात्र पुढच्या तीस वर्षांत हळूहळू साठवायचा होता. विहिरीला पाणी लागण्याआधीच पाटाच्या पाळ्या वाटाव्यात, तसे हे झाले. कारखाना बंद पडला तेव्हा निधीत खड्डा होता. आधीच निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना पुरी पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ या वयाच्या, दहा वर्षांहून अधिक नोकरी झालेल्या सुमारे ४,००० कामगारांच्या हाती त्यांच्या हक्काच्या रुपयातले सुमारे पंधरा पैसे पडले. त्याहून तरुणांना काहीच नाही. पन्नाशीच्या माणसाने नव्याने कोठे उभे राहायचे?

बोलू त्याहून थोडे अधिक देण्याचा नियम ज्या नावाने घालून दिला, त्याच नावाने शेवटी दिलेले हे उत्तर!

कोणी एक दुष्ट माणूस यामागे होता असे मला म्हणायचे नाही. शब्द देणाऱ्यांचा हेतू खोटा नव्हता. खोटा ठरला तो हिशेब. आणि हेतू चांगला असला म्हणून हिशेब माफ होत नाही. या घटनेची चर्चा वर्षानुवर्षे चालली आणि १९७४ साली अमेरिकेत कामगारांच्या पेन्शनला संरक्षण देणारा कायदा झाला. निधी बुडाला तर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देणारे महामंडळही त्याच कायद्याने स्थापन झाले. साउथ बेंडच्या त्या कामगारांना त्याचा उपयोग झाला नाही, पुढच्यांना झाला.

आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. तरीही बंद कारखान्याच्या फाटकाशी थकबाकीसाठी बसलेले कामगार आपण पाहतोच. म्हणून ज्यांची मुले कारखान्यात आहेत त्यांना माझे सांगणे एवढेच : निधीची रक्कम पगारातून कापली हे पाहून थांबू नका, ती खात्यात जमा झाली का तेही वर्षातून दोनदा पाहा. आणि यंत्र घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला म्हणेन, विकणाऱ्याच्या बोलण्याआधी दोन जुन्या मालकांची गाठ घ्या. पाच वर्षे वापरलेला माणूस जे सांगेल, ते कोणत्याही छापील पत्रकात नसते.

साउथ बेंडमध्ये आज स्टूडबेकरचे संग्रहालय आहे. अध्यक्ष लिंकन ज्या बग्गीतून त्या अखेरच्या रात्री नाटकाला गेले, ती बग्गी तेथे जपलेली आहे. जगभर विखुरलेले हौशी मालक आपल्या जुन्या गाड्या अजून पुसूनपासून रस्त्यावर काढतात. सुटे भाग एकमेकांना देतात, गंजलेला पत्रा बदलतात, चढावर थांबून ती 'हिल होल्डर'ची गंमत नातवंडांना दाखवतात. भावांनी गिऱ्हाइकाला जे थोडे अधिक दिले होते, ते असे टिकून राहिले. कामगारांना जे कमी पडले, तेही विसरले जाऊ नये.

आमचे म्हातारे सुतार म्हणत तेच खरे. चाकाची परीक्षा चढावर होते, आणि दिलेल्या शब्दाचीही.