डावी बाजू रिकामी आहे

(मंडळाच्या एका शनिवारच्या कार्यक्रमात केलेलं हे भाषण. जसं बोललो, जवळजवळ तसंच लिहून काढलं आहे.)



माझ्या आधी घरच्या घरी चक्का कसा बांधायचा यावर इतकं उपयोगी बोलणं झालं की आता फुटबॉलवर बोलायला जरा संकोच वाटतोय. माझ्या विषयाचा घरात काडीचा उपयोग नाही, असं आमच्या 'गृहखात्याचं' अधिकृत मत आहे. तरी वीस मिनिटं सहन करा, मग चहा आहेच.

विषय साधा आहे. लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा सार्वकालिक सर्वोत्तम संघ. 1892 साली क्लब सुरू झाला, तेव्हापासून आजपर्यंतच्या सगळ्या खेळाडूंतून फक्त अकरा निवडायचे. आपण लहानपणी गावसकर की सेहवाग, कपिल कितव्या नंबरवर, यावर जेवणं थंड केली आहेत, त्यातलाच प्रकार.

आता हा कोल्हापूरचा माणूस लिव्हरपूलच्या भानगडीत कुठून पडला? सांगतो. कोल्हापुरात क्रिकेटपेक्षा फुटबॉलवर जास्त भांडणं होतात. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार... तालमींचे संघ, आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ. माझे वडील आयुष्यभर एकाच तालमीचे. कुठल्या ते सांगत नाही, कारण दुसऱ्या पेठेचे दोघे जण इथे तिसऱ्या रांगेत बसलेत!

25 मे 2005. इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध एसी मिलान. आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा. माझी बारावी झाली होती, सीईटीच्या निकालाची धाकधूक होती. हाफ टाइमला मिलान तीन-शून्यनं पुढे. मी टीव्ही बंद करायला उठलो. कॉटवर आडवे पडलेले वडील म्हणाले, "हरायलेत म्हणून उठतोस व्हय रे? बस खाली." बसलो. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सहा मिनिटांत तीन गोल, आणि शेवटी पेनल्टीवर लिव्हरपूल जिंकलं. त्या रात्रीपासून मी या क्लबचा. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, आणि मग आयटीच्या वाऱ्यानं मला नेमकं मर्सी नदीच्या अलीकडच्या काठावर, विरलमध्ये आणून टाकलं, याला योगायोग म्हणा किंवा अंबाबाईची कृपा.

तर संघ. चार-चार-दोन अशी जुनी मांडणी घेतली.

गोलकीपर रे क्लेमन्स. 1978-79 च्या मोसमात 42 लीग सामन्यांत फक्त 16 गोल खाल्ले, त्यातले घरच्या मैदानावर चार. आलिसननं 2021 साली वेस्ट ब्रॉमविरुद्ध शेवटच्या क्षणी स्वतः पुढे येऊन डोक्यानं गोल केला, तेव्हा मी सोफ्यावरून पडलो होतो. पण गोलकीपरला गोल अडवण्यासाठी घेतात, म्हणून क्लेमन्स.

उजवा बॅक फिल नील. 1977, 78, 81 आणि 84, लिव्हरपूलच्या या चारही युरोपियन कप फायनल्स खेळलेला एकमेव गडी. मध्ये अ‍ॅलन हॅन्सन आणि व्हर्जिल व्हॅन डाइक. डावीकडे अँडी रॉबर्टसन, जो 2017 साली हल सिटीसारख्या नुकत्याच खाली घसरलेल्या संघातून स्वस्तात आला आणि दोनच वर्षांत युरोपचा विजेता झाला.

मिडफिल्डमध्ये ग्रॅम सूनेस आणि स्टीव्हन जेरार्ड. एक दरडावणारा, एक धावून जाणारा. उजव्या विंगवर मोहम्मद सालाह. 2017-18 मध्ये पहिल्याच मोसमात 32 लीग गोल, आता त्यावर काय बोलायचं?

पुढे इयन रश, 346 गोल, क्लबचा विक्रम. आणि त्याच्या जोडीला केनी डॅलग्लिश. डॅलग्लिशला मी फक्त खेळासाठी घेतलेलं नाही. 15 एप्रिल 1989 ला हिल्सबरोच्या मैदानावर जी चेंगराचेंगरी झाली, तिच्यात 97 जणांचा जीव गेला. त्यातले शेवटचे गृहस्थ त्या दुखापतींमुळे 2021 साली वारले. डॅलग्लिश तेव्हा मॅनेजर होता. तो एकामागून एक अंत्यसंस्कारांना जात राहिला, घरच्यांसोबत बसला. या गावात त्याचं नाव काढलं की म्हातारे लोक आधी गोल नाही सांगत, ते सांगतात.

हा संघ मी नऊ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवला. त्याच्या स्वतःच्या यादीत 2017 च्या आधीचा एकही माणूस नव्हता. म्हणाला, "बाबा, डॅलग्लिश म्हणजे ते स्टँडचं नाव ना?"

मोजलंत का? दहा झाले. डावी विंग रिकामी आहे. माझं खरं भाषण इथून सुरू होतं.

डाव्या विंगवर दोन दावेदार. पहिला जॉन बार्न्स. जन्म जमैकाचा, 1987 साली वॉटफर्डकडून नऊ लाख पौंडांना आला. त्या पहिल्याच मोसमात संघ सुरुवातीपासून सलग 29 लीग सामने हरला नाही. बार्न्सचे जुने व्हिडिओ बघा, बॉल पायाला दोरीनं बांधल्यासारखा वाटतो.

दुसरा बिली लिडेल. हे नाव ऐकलेलं कोणी आहे इथे? ...नाही ना? मलाही पाच वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. स्कॉटलंडच्या खाणकामगाराचा मुलगा, 1938 साली सोळाव्या वर्षी लिव्हरपूलला आला. त्याच्या काळात लोक गमतीनं संघालाच 'लिडेलपूल' म्हणायचे. आणि हा माणूस अकाउंटंट होता! नोकरी सांभाळून सराव करायचा.

आता आपण पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. निर्णय होत नसेल तर एक्सेल उघडायचं हा आमचा कुळाचार. सोपं सूत्र घातलं. सामन्याला एक गुण, गोलला दोन, ट्रॉफीला शंभर. लिडेलचे 534 सामने, 228 गोल, 1947 ची एक लीग. बार्न्सचे 407 सामने, 108 गोल, आणि चार ट्रॉफ्या: 1988 आणि 1990 ची लीग, 1989 चा एफए कप, 1995 चा लीग कप. उत्तर आलं लिडेल 1090, बार्न्स 1023. मला वाटलं, ट्रॉफीला शंभर जरा कमीच होतात. दीडशे केले. बार्न्स 1223, लिडेल 1140! एका चौकोनातला एक आकडा बदलला आणि माणूस संघाबाहेर. ऑफिसात क्लायंटसमोर आपण असलेच तक्ते किती आत्मविश्वासानं ठेवतो, ते आठवून घाम फुटला.

पण खरी चूक वेगळीच होती. डेटाबेसवाल्यांना माहीत आहे, शून्य वेगळं आणि 'नल' वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. लिडेलच्या रकान्यात मी सगळीकडे शून्य भरून ठेवलं होतं. 1939 ते 1946 महायुद्धामुळे लीगचे सात मोसम झालेच नाहीत. तेव्हा लिडेल सतरा ते चोवीस वर्षांचा होता, विमानदलात नॅव्हिगेटर होता. युद्धकाळात तो जे सामने खेळला ते अधिकृत आकड्यांत धरतच नाहीत. युरोपियन कप सुरू झाला 1955 मध्ये आणि लीग कप 1960 मध्ये. ज्या स्पर्धा नव्हत्याच, त्या न जिंकल्याबद्दल मी त्याचे गुण कापत होतो!

आणि बार्न्सच्या रकान्यात काय नव्हतं? 1988 साली एव्हर्टनच्या मैदानावर प्रेक्षकांतून त्याच्यावर केळं फेकलं. त्यानं ते टाचेनं सहज रेषेबाहेर ढकललं आणि खेळायला लागला. तो फोटो फार प्रसिद्ध आहे. रंगावरून असं काही ऐकत प्रत्येक शनिवारी डोकं शांत ठेवायचं, याला गुण किती द्यायचे?

मग मी एक्सेल बंद केलं आणि कुंपणापाशी गेलो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे, जन्म याच गावातला. दोघांनाही प्रत्यक्ष खेळताना पाहिलेला, माझ्या ओळखीतला हा एकमेव माणूस. लहानपणी ते कॉप स्टँडच्या 'बॉईज पेन'मध्ये, म्हणजे पोरांसाठी जाळी लावलेल्या कोपऱ्यात उभे राहून लिडेलला बघायचे. पावसात भिजलेला चामड्याचा बॉल दगडासारखा जड व्हायचा आणि लिडेलचा फटका बसला की आवाज वर कोपऱ्यापर्यंत यायचा, हे त्यांनी मला दहा वेळा सांगितलंय. मला खात्री होती, ते लिडेलच म्हणणार.

ते म्हणाले, "बार्न्स."

मी चकित. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिडेल आमच्यातलाच होता. त्याच्यावर प्रेम करायला आम्हाला काही कष्ट पडले नाहीत. बार्न्स यायच्या आधी काळा खेळाडू समोर आला की मैदानावर माझ्या आजूबाजूची माणसं काय काय ओरडायची ते मी ऐकलंय. मी ओरडत नव्हतो. पण गप्प राहायचो. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप होतो. बार्न्स आला, आणि पुढे तीच माणसं त्याच्या नावानं गात होती. त्याची जागा माझ्याकडून कोणी काढायची नाही."

मंडळी, मी दहा-बारा वर्षं या देशात राहतो. कुंपणापलीकडून असं बोलणं माझ्याशी कोणी केलेलं नव्हतं. मला काय बोलावं कळेना. 'चहा घेणार का' म्हणालो.

रात्री कोल्हापूरला फोन लावला. वडिलांना दोघांची कुंडली सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "संघ कधी खाली गेलता का?" म्हटलं, हो. 1954 साली लिव्हरपूल दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलं, ते थेट 1962 मध्ये वर आलं. लिडेल 1961 ला निवृत्त झाला. म्हणजे परत वर आलेलं त्याला खेळाडू म्हणून बघायलाच मिळालं नाही. "मग सात वरसं खालीच खेळला? दुसरीकडं गेला न्हाई?" म्हटलं, नाही गेला. "मग मला कशाला विचारतोस? जितल्यावर कोण बी थांबतंय."

आता तुम्ही म्हणाल, हे झालं भावनेचं. खेळाचं काय? खेळाचंही सांगतो. 1947 आणि 1955 साली ग्रेट ब्रिटनचा एकत्र संघ युरोपच्या निवडक संघाशी खेळला. दोन्ही सामन्यांत खेळलेले ब्रिटनचे खेळाडू फक्त दोन. एक स्टॅन्ली मॅथ्यूज आणि दुसरा बिली लिडेल. आणि 1955 मध्ये लिडेल दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता! खाली खेळणाऱ्या माणसाला बोलावल्याशिवाय निवडणाऱ्यांना राहवलं नाही. माझ्या तक्त्यात याला रकानाच नव्हता.

म्हणून माझ्या संघात डाव्या विंगवर बिली लिडेल.

काहींना वाटेल, तुझ्यासारख्यानं तरी बार्न्सला घ्यायला हवं होतं. मीही तो विचार केला. पण बार्न्सला मी माझ्या कातडीच्या हिशोबानं घेतलं असतं तर तो त्याचा अपमान झाला असता. शिवाय बार्न्सच्या बाजूनं बोलणारे अजून पुष्कळ आहेत, त्याचे व्हिडिओ आहेत. लिडेलला पाहिलेली माणसं आता दरवर्षी कमी होतायत. मी त्याला पाहिलेलं नाही. जे आहे ते सगळं ऐकीव आणि कागदावरचं. तरी त्याच्यासाठी एक मत पडायला हवं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांना सांगितलं. ते खो खो हसले. "तू माझ्या लहानपणचा गडी घेतलास आणि मी तुझा!" मग लगेच गंभीर होऊन म्हणाले, "पण चुकलायस तू." तो वाद अजून चालू आहे. गेल्या रविवारी माझा मुलगाही कुंपणापाशी उभा होता आणि त्या भिजलेल्या बॉलचा आवाज कसा यायचा ते तोंडानं काढून बघत होता. त्याच्या यादीत अजून लिडेल नाही आणि बार्न्सही नाही, पण डॅलग्लिश आलाय.

तर तुम्हीही चहा घेताना आपापले अकरा लिहा. क्लब कुठलाही चालेल, आपली तालीमही चालेल. मला फक्त बारावा कोण ते सांगा, म्हणजे ज्याला काढताना हात अडखळला तो. माझा बारावा जॉन बार्न्स, आणि आज इथून घरी गेल्यावर मला त्याबद्दल पुन्हा ऐकून घ्यायचं आहे.

तिसऱ्या रांगेतल्या दोघांनी पेठेचा विषय काढायच्या आत थांबतो.