आधी विद्यार्थी वाचावा
(फुलचूर येथे शिक्षकांसमोर केलेले भाषण)



गोंदियाला खेटून असलेल्या या गावात शेवटच्या बाकावरचा एखादा द्वाड मुलगा आपणांसही भेटला असेल. रोवणीच्या दिवसांत तो आठ-आठ दिवस फिरकत नाही. आला की उलट उत्तरे देतो. हजेरीपट त्याला गैरहजर म्हणतो. तो आईसोबत बांधीतील चिखलात उभा होता, हे हजेरीपट सांगत नाही.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुले खोल्या अस्ताव्यस्त टाकून जात. गुरुजी रागावले नाहीत. गुपचूप खोल्या झाडल्या, अंथरुणे आवरली, कपडे धुतले. मुले ओशाळली आणि स्वतःच कामाला लागली. खोली झाडणाऱ्याला कोणाचा सदरा फाटका आहे, हे विचारावे लागत नाही. १९३० साली गुरुजी नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले. अवघी सहा वर्षे. पण अमळनेर त्यांना विसरले नाही.

शिक्षेला क्षण पुरतो; ओळखीसाठी मुलाच्या घरचा उंबरठा ओलांडावा लागतो. तो मुलगा कायमचा शाळा सोडून गेला, तर नापास कोण झाले, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे.